मरते का यात?

वडसाच्या नाटक कंपनीत मी प्रॉम्प्टर होतो.
हार्मोनियमच्या आडोशाला, गुडघ्यावर वही,
बॅटरीच्या उजेडात पुढचं वाक्य सोडायचं
लोकांना जाऊ नये, मुखरूला जावं, एवढ्याच आवाजात.
मुखरू गुरनुले, किन्हीचा.
शंकरपटाच्या रात्री खलनायक उभा करायचा
आणि पहाटे तीनला, दवात भिजलेल्या बायका
त्याला शिव्या घालायच्या,
खऱ्या. ठेवणीतल्या.

मग तो मुंबईला गेला. पाटीवर मुकुल झाला.

पहिल्या सिनेमात हवालदार.
“साहेब, गाडी आली.” बस, इतकंच.
ब्रह्मपुरीच्या टॉकीजला आम्ही ट्रॅक्टर भरून गेलो.
वाक्याच्या आधी माझे ओठ हलले, सवयीनं,
आणि नंतर इतक्या शिट्ट्या झाल्या
की गाडीतून कोण उतरलं
ते किन्हीला आजतागायत माहीत नाही.

दुसऱ्यात मेला.
तिसऱ्यातही. पाठमोरा, नाल्यात.
त्याची माय पार्बता तेव्हापासून
तिकिटाच्या खिडकीशी वाकून विचारू लागली,
“मरते का जी यात?”
खिडकीतला पोट्टा हसायचा. ती नाही हसायची.
पुढे ते काम माझ्याकडे आलं.
मंगळवारी सायकल मारत एकटा जायचो,
पाहून यायचो, तिच्या ओट्यावर टेकायचो:
हा पाहा. हा नको पाहू.

नाटकाच्या वहीची मागची पानं कोरी होती,
तिथे लिहीत गेलो.
डॉक्टर, तीनदा; तिन्ही वेळा चष्मा काढून मान हलवतो.
टीसी. मुनीम. जज, हातोडीसकट.
बँकेवर दरोडा; तोंडाला फडकं होतं,
मी मानेवरून ओळखला.
जमीनदार केला तेव्हा डावा खांदा पुढे काढून चालला,
आमच्या मालगुजाराच्या दिवाणजीची चाल.
चोरली लेकानं.
एकदा नायिकेचा बाप: भिंतीवर फोटो, फोटोला हार.
“मरते का?”
नाही, म्हटलं.
खोटं नव्हतं. मरत नव्हताच तो,
सुरुवातीपासून मेलेला होता.
त्यानंतर महिनाभर तिनं मला चहा विचारला नाही.

आणि तो कसाई.
मोठा रोल, अकरा मिनिटं.
मटणाचा पुडा बांधताना
दोन वेढे, गाठ,
दोऱ्याचं टोक दातानं तोडलं
आणि पुडा न बघता मागे टाकला.
अंधारात पार्बता उठून उभी राहिली.
“हे तं माहं होय!”
चाळीस उन्हाळे तिनं तेंदूची पानं बांधली होती,
सत्तर पानांचा पुडा, असाच,
न बघता.
मागचे ओरडले, बाई, खाली बसा.
ती बसली नाही.

तेरवीला तो आला. डोकं काढलेलं, ओठ सुजलेले.
पोरं भोवती जमली: काका, तो हसणारा गुंडा करा ना.
त्यानं केला.
जजही केला, पत्रावळीवर वाटी आपटून.
कोणीतरी म्हणालं, ते पहिलं, हवालदाराचं करा.
तिथे अडला.
माझ्याकडे पाहिलं त्यानं.
मी भाताच्या ढिगाकडे पाहत राहिलो.
मला येत होतं. सोडलं नाही.

परवा मोबाईलवर, मच्छरदाणीत, त्याचा नवा पाहिला.
तीस वर्षांनी पुन्हा खाकी; आता फौजदार.
एक म्हातारी तक्रार घेऊन टेबलाशी येते.
तो वर बघतो. थांबतो.
फार थांबतो.
इतक्या वर्षांच्या सरावानं मी हळूच सोडलं:
“नाव सांगा.”
तो खुर्चीतून उठला,
आपलीच खुर्ची तिच्याकडे सरकवली,
आणि मुंबईच्या त्या सगळ्या उजेडात
आमच्या बोलीत म्हणाला,
“बस माय. बस आधी.”

हे वहीत नसणार. कुणाच्याच नसणार.

शेवटपर्यंत पाहिलं, बॅटरी चार टक्क्यांवर येईतो.
मग उठून पेन शोधला.
फौजदार, लिहिलं.
मरत नाही.